आठचा चमचा

प्रिय ताईस,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात गुडघ्यांनी परवानगी दिलेली नाही. (होय, गेली तीन वर्षं गुडघ्यांबद्दल मी वेगळंच लिहीत आलोय. त्यावर पुढे येतो, घाई करू नकोस.) तुझी तब्येत कशी आहे? हा प्रश्न रीत म्हणून विचारलेला नाही, तेव्हा रीत म्हणून 'छान' असं उत्तर देऊ नकोस.

इकडे थोडा गोंधळ झाला. आमच्या बॅटरीच्या दुकानात दरवर्षी सगळ्यांचं रक्त तपासतात, अंगात शिसं किती गेलंय ते पाहायला. जुन्या बॅटऱ्या उघडून आतल्या प्लेटा बदलायचं काम सोडून मला सहा वर्षं झाली. आता मी काउंटरवर बसतो आणि कारागिरांच्या चुका काढतो. तरी यंदा सगळ्यांत जास्त शिसं माझ्याच रक्तात निघालं. कारागीर त्या दिवशी माझ्याशी फार प्रेमाने वागले. तुझी भावजय मात्र वागली नाही. तीस वर्षं तिने मला दुकानाचे कपडे मागच्या दारी बदलल्याशिवाय आत घेतलं नाही, कोपरापर्यंत तीनदा हात धुवायला लावले (लग्नानंतर ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, त्यातही साबण होता), आणि एवढं करून शिसं घरात आलंच म्हटल्यावर तिने असं पाहिलं, जणू मी ते डब्यात भरून चोरून खात होतो. पुढे निघालं ते असं, की मी खरंच डब्यातूनच खात होतो.

डॉक्टरबाईंनी घरात जे जे तोंडात जातं ते सगळं घेऊन यायला सांगितलं. तुझ्या भावजयीने अर्धं स्वयंपाकघर पिशवीत भरलं: मसाले, चहा, माझी टूथपेस्ट, आणि तू दर महिन्याला गुडघ्यांसाठी पाठवतेस तो शक्तीच्या पावडरीचा डबा, ज्यातला एकेक चमचा आपण दोघं रोज सकाळी आठला घेतो. तो मी हळूच बाहेर काढून ठेवला. ताईने पाठवलेली वस्तू संशयितांच्या रांगेत कशाला? भावजयीने तो पुन्हा आत घातला. दहा दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला. मसाले निर्दोष, चहा निर्दोष, टूथपेस्ट निर्दोष. डब्यात शिसं.

बाईंनी न रागावता समजावलं. एका चमच्यात असतं ते अगदी नखभरसुद्धा नाही. पण हाडांना ते कॅल्शियमच वाटतं, म्हणून ती त्याला आत घेतात, आणि एकदा आत बसलं की ते वर्षानुवर्षं उठत नाही. (लांबच्या पाहुण्यांबद्दल तू असंच म्हणायचीस.) 'थेंबे थेंबे तळे साचे' हे वाक्य लहानपणी माझ्या अक्षरापायी तू माझ्याकडून पन्नासदा लिहून घेतलं होतंस. मी लक्ष दिलं नाही, हाडांनी दिलं. याच्या काही अंगी लागत नाही, अशी आईची जन्मभर तक्रार होती. हे मात्र लागलं.

घाबरू नकोस. डबा बंद केला की रक्तातलं उतरतं, हाडांतलं फार सावकाश. मला सध्या औषध नाही, दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. आणि स्वतःला दोष देत बसू नकोस. तू मायेने पाठवलंस, मी मायेने घेतलं, घाण कारखान्यात मिसळली.

घरात सगळ्यांना माझा आशीर्वाद लिहावा, तर तू एकटीच, आणि माझ्याहून मोठी. तेव्हा तूच दे.

तुझा धाकटा

ता. क. : त्या पावडरीचा मला कधीच गुण आला नाही. पहिल्याच महिन्यात तू इतक्या आशेने विचारलंस, की मी जिना पळत चढतो असं लिहून टाकलं. ते वाचून तूही सुरू केलीस. शिशापेक्षा मला हेच जास्त जड जातंय. तुझा डबा आजच बंद कर. बुधवारी मी येतो, तुझं रक्त तपासायला आपण दोघं जाऊ.

आणखी एक. 'मला तर गुण आलाय' म्हणून बुधवार टाळू नकोस. मी तुझ्या शेजारणीला फोन केला होता. पलंग खालच्या खोलीत आणून तुला वर्ष झालं म्हणे. म्हणजे जिना पळत चढणारे आपण दोघंही.

आणि शेवटचं. आठची वेळ मोडू नकोस. चमचाभर साधं पाणी घे, मीही इकडे घेईन. गुडघ्यांसाठी मी तो चमचा कधी घेतच नव्हतो.