माझ्यावरचा लेख काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. प्रचालक,
लेख-वगळणी विभाग,
मुक्त ज्ञानकोश.

विषय : ज्ञानकोशातील माझ्यावरचा लेख कै. पत्नीच्या प्रस्तावाप्रमाणे वगळण्याबाबत.

संदर्भ : १) पत्नीचा ३ जूनचा वगळणी-प्रस्ताव. २) ‘लेख ठेवावा’ हा आपला १८ जूनचा निर्णय. ३) माझ्या खात्यावर घातलेली तीन दिवसांची बंदी.

महोदय,

१. मी निवृत्त लिफ्ट मिस्त्री आहे. एका सात मजली कार्यालयाच्या इमारतीतल्या दोन लिफ्ट मी चौतीस वर्षे चालू ठेवल्या. माझी पत्नी ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करण्याच्या कामावर होती आणि अकरा वर्षे आपल्या ज्ञानकोशावर संपादन करत होती. ती ९ जूनला वारली. हे आपल्याला माहीत आहे, तरी अर्जात सगळे क्रमाने यावे म्हणून लिहितो.

२. मी निवृत्त झालो तेव्हा मेहुण्याने, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाने, भेट म्हणून माझ्यावर लेख लिहून ज्ञानकोशात टाकला. त्यात मला ‘उद्वाहन क्षेत्रातील अग्रणी’ म्हटले होते. उद्वाहन म्हणजे लिफ्ट, हे मला तेव्हा कळले. मी खूश झालो. लेख दोनदा वाचला आणि कौतुकाने पत्नीला दाखवला. तिथेच माझी चूक झाली.

३. तिने तो शेवटपर्यंत वाचला. चौथ्या दिवशी लेखाच्या डोक्यावर वगळण्याची सूचना लागली. खाली तिने लिहिले होते, “स्वतंत्र स्रोत नाहीत. लेखाचा विषय माझा नवरा आहे, म्हणून हितसंबंध जाहीर करते. मी मत देणार नाही, निर्णय इतरांनी घ्यावा.” संध्याकाळी मेहुणा तावातावाने घरी आला. “ताई, भेट होती गं ती!” ती म्हणाली, “भेट होती तर त्यांच्या भिंतीवर लाव. ज्ञानकोश म्हणजे काय तुझा दिवाणखाना आहे?” तो म्हणाला, “अगं, सख्खा नवरा आहे तुझा!” ती म्हणाली, “हो, तसं लिहिलंय की खाली.” मग मीही तोंड उघडले. चौतीस वर्षांत एकही लिफ्ट चार तासांपेक्षा जास्त बंद राहिली नाही, याला काहीच किंमत नाही का, असे विचारले. ती म्हणाली, “अहो, तुम्ही महत्त्वाचे आहात. उल्लेखनीय नाही आहात. तुम्ही घरात हवे आहात, कोशात नको.”

४. सहा दिवसांनी ती अचानक गेली. मी स्वतःचे खाते उघडून तिच्या चर्चापानावर तसे कळवले. आपल्या सदस्यांनी फार चांगले लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. पण नंतर तीच मंडळी वगळणी-चर्चेच्या पानावर गेली आणि अकरा जणांनी ‘ठेवा’ असे मत दिले. “ताईंच्या स्मरणार्थ ठेवा.” “त्यांच्यासाठी एवढे तरी करू या.” एकाने तर “नियम बाजूला ठेवून ठेवा” असे लिहिले. हेतू चांगला आहे, माझी तक्रार नाही. मात्र पत्नी आज असती तर त्या गृहस्थांची काही खैर नव्हती.

५. त्यानंतर लेख वाढू लागला आहे. आता मी त्यात ‘दूरदृष्टीचा अभियंता’ आहे. माझे शिक्षण दहावी आहे, गुणपत्रिका सोबत जोडली आहे. दोरांना तेल देण्याची एक पद्धत माझ्या नावाने दिली आहे, ती कंपनीच्या माहितीपुस्तकात पान बारावर छापलेली आहे. गेल्या आठवड्यात कोणी लिहिले की इमारतीचा जिनाही माझ्या कल्पनेतून साकारला. जिन्याशी माझा संबंध लिफ्ट बंद पडल्यावरच यायचा. हा लेख एका संकेतस्थळाने जसाच्या तसा उचलला, आणि आता तेच संकेतस्थळ लेखाखाली स्रोत म्हणून दिले आहे. अशा स्रोताला पत्नी ‘स्वतःच्या सावलीला साक्षीला बोलावणे’ म्हणायची.

६. मी दुरुस्तीचा प्रयत्न केला. ‘अभियंता’ शब्द काढला, चार मिनिटांत तो परत आला. पुन्हा काढला, तर लेखाच्या विषयाने स्वतःच्या लेखात हात घालू नये, अशी ताकीद मिळाली. तिसऱ्या वेळी मी सगळाच मजकूर पुसला. त्याला ‘उत्पात’ म्हणतात, असे बंदीच्या सूचनेत वाचले. बंदी योग्यच होती. त्या महिन्यात मी पहिल्यांदा मोठ्याने हसलो, तो ती सूचना वाचून. नंतर मेहुण्याला गळ घातली, तर तो म्हणतो, “भावोजी, मीच लिहिलाय, मीच काढा कसं म्हणू? माझेही हितसंबंधच की.” इमारतीच्या पहारेकऱ्याला विचारले. तो म्हणाला, “मिस्त्री, दोन मजल्यांच्या मधे अडकलो होतो तेव्हा तुम्ही मला ओढून काढलंत. मी तुमच्याविरुद्ध लिहू?” सारांश, माझ्याबद्दल खरे माहीत असलेला प्रत्येक माणूस अपात्र ठरतो, आणि काहीच माहीत नसलेली माणसे लेख वाढवत आहेत.

७. पत्नीने अकरा वर्षांत केलेले प्रस्ताव काही मंजूर झाले, काही फेटाळले गेले. फेटाळला गेला की ती रात्रीच्या जेवणाला सांगायची, “आज हरले. पुरावा चांगला होता त्यांचा.” आणि भूक लागल्यासारखी जेवायची. हा तिचा शेवटचा प्रस्ताव. तो पुराव्याने हरला असता तर मी अर्ज केला नसता. तो दयेने हरला आहे. ते तिला चालले नसते आणि मलाही चालत नाही.

८. एक गोष्ट माझ्या मागणीच्या विरोधात जाणारी आहे, पण लपवली तर अर्ज खोटा होईल. बंदीच्या काळात वाचायला हरकत नसते, म्हणून मी लेखाचा इतिहास उघडून पाहिला. मी लेख दाखवला त्या दिवसापासून सूचना लागेपर्यंत त्यात पत्नीची एकोणीस संपादने आहेत. मी कामाला लागलो ते वर्ष तिने दुरुस्त केले आहे. मेहुण्याने पाच लिफ्ट लिहिल्या होत्या, तिने दोन केल्या. पुढे अशा नोंदी आहेत : “स्रोत शोधत आहे.” “वर्तमानपत्रांचे जुने अंक, पहिली दहा वर्षे पाहिली. उल्लेख नाही.” दुसऱ्या दिवशी, “पुढची बारा वर्षे पाहिली. नाही.” तिसऱ्या दिवशी, “उरलेली सगळी पाहिली. एका बातमीत इमारत आहे, हे नाहीत.” त्या तीन दिवसांत ती चष्म्याचा नंबर काढायला जाते सांगून सकाळी बाहेर पडायची. एका नंबराला तीन दिवस लागतात का, हे मी विचारायला हवे होते.

पान काढले की त्याचा इतिहासही आमच्यासारख्यांना दिसत नाही, असे मला सांगण्यात आले आहे. ते समजून उमजून मी हा अर्ज करत आहे.

९. तरी विनंती की, चर्चा पुन्हा उघडावी, स्मरणार्थ दिलेली मते बाजूला ठेवावीत आणि फक्त पुरावा पाहून लेख काढून टाकावा. काढण्याच्या एक दिवस आधी मला कळवावे. त्या एकोणीस नोंदी मला हाताने वहीत उतरवून घ्यायच्या आहेत. माझे अक्षर सावकाश आहे, पूर्ण दिवस लागेल.

आपला नम्र व सर्व हितसंबंध जाहीर केलेला,

(सही)
लेखाचा विषय

दिनांक : २१ जुलै