उठवणारा सूर

३ ऑक्टोबर, मंगळवार
मनगटी पट्ट्यासाठीचा माझा सूर तयार. माणूस वीस मिनिटं बसून राहिला की पट्टा वाजणार, माणूस उठणार. सूर कुठून सुचला, सांगता येत नाही. आतून आला. मॅनेजर च्यांगनी पास केला की प्रमोशन, मग स्वतःचं घर. अडतिसाव्या वर्षी आईकडे मागच्या खोलीत राहणं आता बस्स. चाचणीसाठी माझ्या मनगटावरच्या पट्ट्याला कंपनीचं सील आहे, वीस तारखेपर्यंत काढता येणार नाही. काढायचाय कुणाला?

६ ऑक्टोबर, शुक्रवार
ज्येष्ठ नागरिकांवर चाचणी. सूर वाजताच सगळे ताडकन उठून दाराकडे निघाले. जाता जाता टेबलावरचे कागदी कपही गोळा केले. काय शिस्त! टीममधली पेइ-यिंग तोंडावर हात ठेवून हसत होती. नंतर तिने विचारलं, तुमच्या घरी कचरा कोण टाकतं? आई, म्हटलं. लग्नाआधी मुली अशी चौकशी करतात.

१२ ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळ
पट्टा जेवताना वाजतो, बसमध्ये वाजतो, संडासातसुद्धा. सील नखाने खरवडून पाहिलं. सहज. आईवर मात्र जादू झालीय. माझ्या बंद दाराआड सूर वाजला की पिशवी उचलून चार मजले उतरते, थोड्या वेळाने तीच पिशवी घेऊन वर येते. लिफ्ट नाही. तेवढाच व्यायाम. हल्ली गाडीचं काही खरं नाही, असं पुटपुटते. वय झालं.

१६ ऑक्टोबर, सोमवार
सादरीकरण. सूर वाजला. च्यांगसाहेब बोलता बोलता उठले, कचऱ्याची टोपली उचलून दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. म्हणाले, "यु-चेंग, तू कधी कचरा टाकायला खाली गेलायस का रे?" प्रश्नाचा रोख कळला नाही. निर्णय राखून ठेवलाय. चांगलं लक्षण.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
आईचा गुडघा सुजला. म्हणाली, "आज तू जातोस? चारदा उतरले, गाडीच नव्हती."
गेलो. अख्खी गल्ली पिशव्या घेऊन उभी. खालच्या मजल्यावरच्या वू काकू म्हणाल्या, "तू शू ताईंचा मुलगा? आम्हाला वाटलं, अमेरिकेत असतोस."
कोपऱ्यावरून कचऱ्याची पिवळी गाडी वळली. वाजत. माझा सूर. पहिल्यापासून शेवटपर्यंत. लहानपणापासून रोज संध्याकाळी खिडकीआडून ऐकलेला.
पिशवी टाकली, वर आलो, आईच्या गुडघ्याला बर्फ लावला. तिने विचारलं, "आज खरी होती?" हो म्हटलं. उद्यापासून मीच जाणार, असंही म्हटलं. ती म्हणाली, बुधवारी गाडी नसते.
सील निघायला अजून तीन दिवस. मी बसलो की पट्टा वाजणार, वाजला की आई उठणार.
हे उभ्यानेच लिहितोय.