पाया पडायची रांग

३ फेब्रुवारी, धुळे
गल्लीत शिरलो की बायका एकमेकींना हाक देतात, "प्रश्नवाला उना." इथल्या धंदेवाल्या बायकांच्या सर्वेक्षणाने दिलेलं नाव. पूर्वी हातगाडीवर केळी विकायचो, ऐकून घ्यायची सवय तिथलीच. आज सुमनअक्काने गल्लीचा नियम सांगितला: "भाऊ, बाहेर भेटनात ते वळख दावानी नही." बाजारात, दवाखान्यात, एसटीत, कुठंच नाही. सगळ्या पाळतात. सर्वेक्षणाच्या मॅडमना अहवालासाठी आवडेल.

९ फेब्रु.
अक्काची मुलगी पूजा. जळगावला होस्टेलवर राहून नर्सिंग शिकली. लग्न ठरलंय, पाचोऱ्याची माणसं. त्यांना सांगितलंय, आई वारली. अक्कानेच सांगायला लावलं. आता बोहल्यावर न्यायला मामा नाही. एवढं बोलून माझ्याकडे बघत राहिली.
मॅडम म्हणाल्या, अभ्यासकाने यात पडू नये. बरोबरच आहे. अक्काला हो सांगून आलो.

१८ फेब्रु., पाचोरा
लग्न लागलं. अक्का आली होती. येणार असं मला बोलली नव्हती. मोरपंखी साडी, म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत अगदी शेवटी. पूजा एकेकीच्या पाया पडत चालली, मी मामा म्हणून बरोबर. शेवटच्या पायांशी आली आणि मी तिचा हात धरून ओढला. चल, उशीर होतोय. डोक्यात तो नियम.
अक्काने पदर सारखा केला, मांडवाबाहेर गेली. जेवलीही नाही.
रांगेत कुणाला काय कळणार होतं? पडली असती पाया, संपलं असतं. मी शहाणा.

१९ फेब्रु.
पूजाचा फोन, दबक्या आवाजात. आजेसासू सकाळपासून विचारतेय, शेवटच्या बाईलाच का सोडलं: "बठ्ठासना पाया पडनी, तिलेच काब्रं सोडं? कोन शे ती?"
काय सांगू, मामा?
उद्या सांगतो म्हटलं. मामा म्हणाली. आता तिथं कुणी ऐकायला नसताना.

२० फेब्रु., धुळे
गल्लीत आज कुणी चिडवलं नाही. तोंडावरून कळलं असेल.
अक्का भाकरी थापत होती. आजेसासूचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, मग खाली बघूनच, "तुम्ही वढं तवय ती वाकेल व्हती ना?"
ओढलं तेव्हा वाकली होती, म्हणालो.
तिने पुढचा गोळा थापायला घेतला. पूजाला काय सांगायचं, ते अजून—
खिशात फोन वाजतोय. पूजाचाच.