एक्केचाळीस नंबरचा मालडबा

एक्केचाळीस नंबरच्या मालडब्याची खरी किंमत अशी: एका महिन्याचे घरभाडे, हिचे शिवणयंत्र सहा महिने लांबणीवर, आणि एक मेहुणा. डबा खेळण्यातल्या आगगाडीचा, बोटभर लांबीचा आहे.

मी, खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, धंदा रंगविक्री, गल्लीत 'रंगशेठ' म्हणून ओळखला जाणारा, कोणाच्याही दडपणाखाली न येता, डोके ठिकाणावर असताना, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. तब्येत ठणठणीत आहे; कोणी घाई करू नये.

१. राहते घर व दुकान पत्नीचे. दुकान मुळात तिचेच. तीस वर्षे शेडकार्ड घेऊन गिऱ्हाइकापुढे ती बसली. मी नंबर बघून डबे काढले आणि गप्पा मारल्या. गिऱ्हाईक "बघून सांगतो" कोणत्या सुरात म्हणते, त्यावरून ते परत येणार की नाही हे मला कळते. तिच्यामागे दोन्ही मुलीचे.

२. बँकेतली ठेव मायलेकींत निम्मी-निम्मी. जावईबापूंनी विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये.

३. स्प्रे गन शेजारच्या कुलूपवाल्याला. गेली चार वर्षे ती त्याच्याकडेच आहे, तेव्हा न्यायचा त्रास नाही.

४. तरुणपणी मी खेळण्यांच्या कारखान्यात फवारणीला होतो. आगगाडीचे मालडबे सहा नंबरच्या तपकिरी रंगात निघत. पिंपांवर इंग्रजी आकडे. एका सकाळी कोणी पिंप उलटे ठेवले, नवाचा सहा झाला, आणि मी ते जोडले. अर्धा तास हिरवे मालडबे निघत होते आणि मी शीळ घालत फवारत होतो. फोरमन आला, म्हणाला, "डोळे घरी ठेवून आलास का रे?" संध्याकाळी नोकरी गेली. मालकाने ते हिरवे डबे इतरांत मिसळून खपवले. आज शौकीन लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात. फोरमनला या कागदात काही नाही, फक्त आभार. त्याने काढले नसते, तर दुकान झाले नसते.

५. त्या कारखान्याचे मी जमवलेले बासष्ट मालडबे मुलीला. उन्हात ठेवू नयेत, साबण लावू नये, खरचटलेल्या जागी रंगाचे बोट फिरवू नये. नवा घेताना नखाने टिचकी मारावी. कारखान्याचा रंग टणक वाजतो, मागून फासलेला भद्द. रंगाच्या बाबतीत या शहरात माझा हात धरणारा कोणी नाही, हेही नोंदवून ठेवतो.

६. त्रेसष्टावा, म्हणजे माझ्या वहीतला एक्केचाळीस नंबर. बावीस वर्षांपूर्वी एका दुकानदाराने "शेठ, त्या हिरव्यांतला आहे" म्हणून दिला. टिचकी मारली, रंग अस्सल कारखान्याचा. म्हणजे माझ्याच हातचा. हिला दाखवला. ती म्हणाली, "तुम्हांला हिरवा वाटतो ना? मग झालं."

हिचा धाकटा भाऊ शिंपी. आम्ही त्याला मास्तर म्हणतो. तो त्या दिवशी जेवायला होता. डबा खिडकीपाशी नेऊन त्याने उलटापालटा केला.

"दाजी, हा तपकिरी आहे."

"मास्तर, तू आपली बटणं मोज."

"वीस वर्षं कापडाला दोरा जुळवतोय, दाजी. तपकिरीच."

मी म्हटले, ज्याला हा हिरवा दिसत नाही त्याने या घरात जेवू नये. तो अर्ध्या ताटावरून उठला. तेव्हापासून बहिणीला भेटायला येतो तो फाटकापर्यंत. तिचे गुडघे दुखतात, तरी ती तिथे उभी राहून बोलते. मला आत सगळे ऐकू येते. बावीस वर्षांत त्याने माझ्याविषयी वाकडा शब्द काढलेला नाही. परवा विचारत होता, "दाजींचे डोळे काय म्हणतायत, ताई?"

हा डबा मास्तरला. माझ्या मरणापर्यंत थांबायचे नाही. येत्या रविवारी त्याने फाटक ओलांडावे, राहिलेले अर्धे ताट संपवावे आणि डबा न्यावा. त्यासाठी या कागदाची नक्कल आजच त्याच्याकडे पाठवत आहे. हे का, ते खाली डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दाखल्यात आहे. माझ्या हाताने ते लिहवत नाही. साक्षीला मास्तरला बोलावले नाही, कारण ज्याला काही मिळते त्याने सही करू नये, असे वकील म्हणाले.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: नऊ मार्च, गुरुवार
सही: रंगशेठ

साक्षीदार पहिले: समोरचे छापखानेवाले (सही)
साक्षीदार दुसरे: नेत्रतज्ज्ञ, दाखला देणार (सही)

दाखला: लिहून देणाऱ्यांना मी तपासले. स्मरण व समज उत्तम. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, अजून कच्चा. हिरवा व तपकिरी हे रंग त्यांना वेगळे ओळखता येत नाहीत. हा दोष जन्मापासूनचा आहे. त्यांच्या आग्रहावरून एक्केचाळीस नंबरचा मालडबा पाहिला. तो तपकिरी आहे.