आईचं तेलाचं फडकं

लकडगंज, नागपूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. सुशीलदादास,
दामिनीचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आईला इतक्या वेळा वाचून दाखवलंय की पुढची ओळ ती माझ्याआधी म्हणते. फोनवरचा आवाज तिला ओळखू येत नाही आणि तुमच्या डोंगरात फोन लागतो तरी कधी, तेव्हा पत्रच बरं.

डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकली आहेत, या वयात डायलिसिसचा छळ नको. पावसाळा निघेल असं त्यांना वाटत नाही. जूनमध्ये तुझी इथल्या मठात बदली होणार, एवढ्यावर ती तग धरून आहे, आणि खरं सांगू तर मीही. माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशनही तू आल्यावरच. तू कपुचिन साधू व्हायला निघालास तेव्हा बाबा मला म्हणाले होते की आता घर तुझ्यावर. लग्नाचं राहून गेलं, शाळेतून रिटायर झाले, घर अजून माझ्यावरच आहे.

आई रोज ती पत्र्याची डबी उघडायला लावते. तुझ्या गुरुदीक्षेच्या वेळी तळहातांना लावलेलं पवित्र तेल ज्यानं पुसलं, ते फडकं. धर्मगुरूच्या आईच्या हातांना ते बांधून तिला पुरतात, म्हणून जीवापाड जपलंय. बांधायचं तूच, हे तू तिला कबूल केलं आहेस. त्याला अजून तेलाचा वास येतो म्हणते. मला तर डबीच्या गंजाचा येतो.

तुझ्या खोलीत पंखा लावून घेतलाय. गरिबीचं व्रत घेतलेल्या माणसाला चालेल ना? आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
दामिनी

---

मठ, १८ फेब्रुवारी

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पंख्याचं वाचून हसलो. इथे अजून शेकोटी पेटते, आणि माझा तपकिरी झगा कोपरावर पुन्हा फाटलाय. तू असतीस तर बोलणी खाल्ली असती.

जूनचं थोडं अडलं आहे. काय अडलंय ते सांगायची मला मोकळीक नाही. मी आजारी नाही, माझ्या हातून काही वाईटही घडलेलं नाही. एवढ्यावर विश्वास ठेव. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. रात्र रात्र झोप लागत नाही, माझ्यासाठी प्रार्थना कर.

रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस, ही विनंती.

तुझा,
दादा

---

लकडगंज, ४ मार्च

ती. दादास,
सा. न.

सांगायची मोकळीक नाही म्हणजे काय? रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर सिंधूताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुझा भाऊ झगा सोडून राहिला काय. मी काय उत्तर देऊ? तू आजारी असलास तर सांग, सोडून आलास तरी सांग. घर तुझंच आहे. फक्त ये.

इथे अनर्थ झालाय. आईला उचलायला माझ्यानं होत नाही, म्हणून मनकर्णा नावाची बाई ठेवली. फार कष्टाळू बाई. तिनं डबीतलं फडकं पाहिलं, तिला वाटलं जुनं, तेलकट. साबण लावून धुतलं, गच्चीवर वाळवलं, घडी करून डबीत ठेवलं. एवढं मळकं फडकं काहून ठेवलं बाई, असं मलाच विचारत होती. तिच्यावर ओरडू कशी?

आईनं डबी उघडली, फडकं नाकाशी नेलं आणि तिला कळलं. काल सकाळपासून तिनं पाण्याखेरीज काही घेतलेलं नाही. मी फादरांकडे गेले, दोन थेंब पवित्र तेल मागितलं. ते समजुतीनं म्हणाले की हे तेल कापडाला लावायचं नसतं, भलता पायंडा पडतो. त्यांचंही बरोबर असेल. मी मात्र पायऱ्यांवर बसून रडले.

दादा, माझ्याकडून आता होत नाही. जूनची वाट पाहू नकोस.

तुझी,
दामिनी

---

मठ, २२ मार्च

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

आज संध्याकाळी रोमहून जाहीर झालं, एव्हाना तुझ्याही कानावर आलं असेल. मला इथला बिशप नेमलं आहे. पोपच्या दिल्लीतल्या प्रतिनिधींनी फेब्रुवारीतच बोलावून विचारलं होतं. नाव जाहीर होईपर्यंत आईबापालाही सांगायचं नाही, असा दंडक आहे. तुझं पत्र खिशात घेऊन मी गप्प फिरत होतो.

पहिल्यांदा मी नाही म्हणालो, आईचं कारण दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. दोन वर्षं इथे बिशप नाही, आणखी कोणी यायला तयार नाही म्हणे. दुसऱ्यांदा नाही म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. याला आज्ञापालनाचं व्रत म्हणू की भित्रेपणा, मला कळत नाही. जूनला येण्याचा तुम्हा दोघींना दिलेला शब्द मी मोडला, एवढं कळतं.

दीक्षा १० मेला. तोवर हलता येत नाही. दीक्षेत डोक्यावर तेल ओततात. ते धुणार नाही. तसाच निघतो आणि एक दिवस घरी येतो. आईला तेवढे दिवस कसंही करून जेवू घाल.

तुझ्या मायेवर हक्क राहिला नाही, तरी मागतो.

दादा

---

लकडगंज, ३० मार्च

परमपूज्य महागुरुस्वामी यांस,
कु. दामिनी हिचा सा. न. वि. वि.

चर्चमध्ये पेढे वाटले. फाटकावर तुझ्या फोटोचा फ्लेक्स लागलाय, त्यात तू अगदी बाबांसारखा दिसतोस. सगळे माझं अभिनंदन करतात आणि मी हात जोडून हसते. घरी येऊन दार लावते आणि तुझा राग राग करते.

आईला सांगितलं. मले पोरगा पाहिजे होता, साहेब नाही, असं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. परवापासून पेज घेते, पण माणसं विसरायला लागली आहे. मला कधी स्वतःची बहीण समजते. मेपर्यंत ती असेल, पण कोणती असेल ते मी सांगू शकत नाही.

आपल्या कृपेची अभिलाषी,
दामिनी

---

बिशप हाउस, १४ मे

प्रिय दामिनीस,
आशीर्वाद देण्याची आज माझी पात्रता नाही.

तू परवा चहा करायला आत गेलीस, तेव्हा काय झालं ते मी तुला सांगितलं नाही. तिथे सांगितलं असतं तर माझा पाय निघाला नसता.

आईनं माझा पांढरा झगा आणि जांभळी टोपी पाहिली आणि हात जोडले. फादर, माह्या पोराले म्हना लवकर ये म्हना, असं म्हणाली. मी म्हणालो, आई, मीच सुशील. तिनं माझी समजूत काढावी तशी मान हलवली. मी टोपी काढली आणि डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. दोन दिवस उशीवर टॉवेल टाकून निजलो होतो, तेल केसांत होतं. तिनं वास घेतला. किती वेळ घेत होती. मग उशाखालचं ते धुतलेलं फडकं काढलं आणि माझ्या डोक्यावर घासघास घासलं, लहानपणी न्हाऊ घातल्यावर पुसायची तसं.

आणि मग मला विचारलं, सुशील येऊन गेला काय इथं, मले काहून नाही सांगतलं. तिनं तेल ओळखलं, मला नाही. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस. मी टोपी घातली.

इथे लोक माझी अंगठी चुंबायला येतात. मी हात पुढे करतो.

तुझा,
सुशील

---

लकडगंज, ९ जून

प्रिय दादा,
सा. न.

फोन मधेच तुटला, म्हणून लिहिते. तुमच्याकडचा रस्ता पावसानं खचला, तू निघून अर्ध्यातून परतलास, हे समजलं. त्याचा मला राग नाही. या उन्हात आईला ठेवता आलं नसतं.

तू गेल्यापासून ती शांत होती. येईल त्याला सांगायची की माहा पोरगा येऊन गेला, तेल लावून गेला. फडकं मुठीतून सोडलं नाही, मनकर्णानं तिला तसंच न्हाऊ घातलं. गुरुवारी पहाटे गेली, त्रास झाला नाही.

बांधायचं होतं तू. मी बांधलं. तुझ्या कमरेच्या दोरीला असतात तशा तीन गाठी मारल्या, बरोबर की चूक मला ठाऊक नाही. वास खरंच येत होता, दादा. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा आला.

मिस्सात फादर म्हणाले, धन्य ती आई जिनं बिशप दिला. सगळ्यांनी मान डोलावली. मला गुडघ्यांमुळे उभं राहवेना, मी मागच्या बाकावर बसून होते. ऑपरेशनचं आता अश्विनला विचारते, शेजारचा असला तरी तोच धावून येतो.

एक विचारायचंय. धर्मगुरूच्या आईचे हात रिकामे जात नाहीत, अशी तुमच्यात रीत आहे. बहिणीसाठी काही रीत असेल तर कळव. आता तू बिशप आहेस, तुला माहीत असेल.

तुझ्या खोलीतला पंखा काढलेला नाही.

तुझी,
दामिनी