जिन्याखालची शांत खोली

ता. ४, मंगळवार

ताई,

तुला नमस्कार, दाजींना नमस्कार, आणि तुझ्या लेकाला, आपल्या शेठना, गालावर एक पापा. ते लगेच बाहीने पुसून टाकतील, तरी दे.

फोन रंगाच्या बादलीत पडला म्हणून पत्र. तुला वाटलं असेल, हा पुन्हा कुठे उंडारायला गेला. गेलोच होतो. आधी कोंबड्यांच्या शेडवर, मग एका गाद्यावाल्याकडे. त्याच्याकडे एक तीन पायांचा कुत्रा होता, फक्त नव्या गादीवरच झोपायचा, जुनीवर टाकला तर रुसायचा. त्याची गंमत भेटल्यावर सांगीन.

खरी बातमी वेगळीच आहे. मी सध्या शेठच्या शाळेत कामाला आहे. म्हणजे ज्या शाळेच्या जागेसाठी तू इतकी वर्षं डोकं फोडतेयस, तीच. मागचा मोठा हॉल फोडून त्यात वर्ग काढतायत, म्हणजे जास्त मुलं मावतील. मिस्त्रीने विचारलं, "सुतारकाम येतं का?" म्हटलं, "येईल." तो म्हणाला, "कधी?" म्हटलं, "तुम्ही शिकवाल तेव्हा." हसला आणि ठेवून घेतलं.

इथे सकाळपासून फाटकाबाहेर आईबाप उभे असतात गं. कुणाच्या कडेवर पोर, कुणाचं चाकाच्या खुर्चीत. नुसते उभे. मोठ्या बाई गाडीतून उतरल्या की सगळे एकदम पुढे सरकतात आणि कुणीच बोलत नाही. मला त्यात तूच दिसतेस. मी बाईंना धीटपणे सांगून टाकलं की माझा भाचापण यादीत आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही भिंती लवकर उभ्या करा, मी त्याला आत घेते." तेव्हापासून मी जेवायलासुद्धा बसत नाही.

गाद्यांच्या अनुभवामुळे मला एक खास काम मिळालंय. जिन्याखाली एक लहानशी खोली आहे, आधी झाडू-बादल्या ठेवायचे. तिला आतून चहूबाजूंनी फोम लावायचा. मुलं बावरली, डोकं आपटायला लागली, की तिथे थोडा वेळ शांत बसवायचं. मी इतका जाड फोम लावला की तू त्यात आरामात झोपशील. काम झाल्यावर प्लंबरला म्हटलं, दार लाव, मी आतून गातो, ऐकू येतं का सांग. घसा फुटेस्तोवर गायलो. कडी बाहेरून, आणि बराच वेळ दार उघडेना. शेवटी उघडलं तर हा गडी चहा पिऊन परत आलेला. म्हणे, "अरे, तू सुरू केलंस का?"

सगळे पोट धरून हसले. मीपण हसलो.

तुझा भटक्या

ता. १२, बुधवार

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. जागा पक्की, सोमवारपासून शेठ शाळेत. तू लिहिलंयस की ते कळल्यावर दुपारी बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपलीस आणि दूध उतू गेलं तरी जाग आली नाही. मी ते दोनदा वाचलं. किती आनंद झाला म्हणून सांगू.

इकडे सगळं ठीक. मिस्त्रीची दाढ दुखतेय. एक मांजर नव्या वर्गात व्यायली, पिल्लांना हलवायला कुणाचा हात धजत नाही. काही मुलांना नव्या भागात बसवून बघतायत. वर्ग जरा चिकटून चिकटून झालेत, मधल्या भिंती पातळ. एक मूल ओरडलं की पलीकडचं ओरडतं, मग त्याच्या पलीकडचं. जास्त जागा काढायच्या तर असंच होणार म्हणा. म्हणून ती जिन्याखालची खोली. बाई म्हणतात, फक्त पाच मिनिटं, मूल शांत होईपर्यंत. फोम कशासाठी होता ते मला आत्ता कळतंय. मला वाटलं होतं डोकं आपटू नये म्हणून.

एक विचारायचं होतं. शेठ अजून तसेच करतात का? म्हणजे घाबरले की ओरडत नाहीत, एकदम गप्प होतात, आणि दाराला पाठ लावून खाली बसतात? की ती सवय सुटली?

आणि समजा अजून महिनाभर त्यांना घरीच ठेवलं तर चालेल का? सहज विचारतोय. लाकडाची धूळ, रंगाचा वास, आकडीवाल्या मुलांना त्रास होतो म्हणतात. परवा संध्याकाळी एक, जाऊ दे. पिल्लं काळीपांढरी आहेत.

तुझा

ता. १४, शुक्रवार

ताई,

फोन दुरुस्त होऊन आलाय, तरी पत्रच लिहितोय. फोनवर तू माझ्या 'हॅलो'वरनंच ओळखशील आणि मग मी काहीतरी बरळून ठेवून देईन. हेही पत्र शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरकडे देतोय, आजच तुझ्याकडे टाकेल. सोमवारी तोच शेठला घ्यायला येणार आहे.

तुझं उत्तर आलं. लिहितेस, नाही, सवय सुटली नाही, तसाच दाराला पाठ लावून बसतो. आणि महिनाभर थांबलो तर जागा दुसऱ्याला जाईल, वेड लागलंय का तुला. बरोबर आहे तुझं.

त्या संध्याकाळचं सांगतो.

शाळा सुटली होती. मुलं व्हॅनमध्ये बसत होती. आम्ही जिला बाहुली म्हणतो ती एक मुलगी आहे, शेठच्याच वयाची, तिच्यासारखीच न बोलणारी बाकीचीही आहेत, पण ही रडतसुद्धा नाही. दुपारी तिला त्या खोलीत बसवलं होतं. मुलांना सांभाळणाऱ्या मावशींनी निघताना काचेतून आत बघितलं. त्या दाराला बघायला एक छोटी काच आहे. आत कुणी नाही. त्यांना वाटलं, बाप लवकर येऊन घेऊन गेला. त्यांनी ड्रायव्हरला तसं सांगितलं. व्हॅन गेली.

मी माझी पटाशी शोधत होतो. वाटलं, जिन्याखाली राहिली असेल. मीपण आधी काचेतून बघितलं, ताई. खोली रिकामी होती. तरी पटाशीसाठी कडी काढली आणि दार ओढलं, तर बाहुली उताणी माझ्या पायांवर पडली. दाराला टेकून बसली होती. डोळे उघडे, मनगट चावून चावून लाल, आणि आवाज काही नाही.

ती काच मी बसवलीय. किती उंचीवर बसवायची ते कुणी सांगितलं नव्हतं, मी माझ्या डोळ्यासमोर पेन्सिलने खूण केली आणि भोक पाडलं. मोठ्या माणसाला समोरची भिंत दिसते. दाराला टेकून खाली बसलेलं मूल दिसत नाही.

बाहुलीला काही झालं नाही. आईला सांगितलं, व्हॅन चुकली. बाईंनी मला त्यांच्या ऑफिसात बोलावलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "काच खाली घेऊ. दुसरी मागवलीय. पण हे बाहेर गेलं तर चौकशी लागेल, नवा भाग बंद होईल. बाहेर उभे आहेत त्यांना मी काय सांगू? तुमच्या बहिणीला तुम्ही काय सांगाल?" बाई वाईट असत्या तर बरं झालं असतं.

मी नेहमीसारखं निघून जायचं ठरवलं. पिशवी भरली. मग परत आलो आणि बिजागरीचे स्क्रू काढून ते दार उतरवलं, अंगणात नेऊन करवतीने मधोमध कापलं. मिस्त्री बघत राहिला. म्हणाला, "डोकं फिरलंय तुझं. सोमवारपर्यंत दुसरं लावीन मी, माझं पोट आहे त्याच्यावर." खरं आहे, लावेल. नवी काच अजून आलेली नाही, म्हणजे जुनीच काच घालेल, आणि भोकही जुन्याच उंचीवर पाडेल. मला आता फाटकाच्या आत घेत नाहीत.

शेठला पाठव की नको, हे मी नाही सांगणार. तू रात्रंदिवस त्याच्याबरोबर असतेस, मी कोण. पण पाठवलंस तर एकट्याला व्हॅनमध्ये बसवू नकोस. स्वतः ये. बाईंशी भांड, गोड बोल, काय वाटेल ते कर, पण जिन्याखालच्या त्या दारापर्यंत जा. आणि शाळा सुटताना पुन्हा जा. मावशी म्हणतील, बघितलं मी, कुणी नाहीये.

तू काचेतून बघू नकोस. दार उघडून बघ.

मी फाटकाबाहेर, बाकीच्यांच्यात उभा असेन.

तुझा भाऊ