खाट सहा आणि तिची जोडी

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! खाट नंबर सहा, खिडकीजवळची. चादर कडक, गादी बरी, आणि खाली रुग्णालयाचं फाटक दिसतं. ठकीच्या बाबांचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं. त्यांचं म्हणणं, घरीच राहा, आठवड्याला येऊन डॉक्टरांशी बोल, गोळ्या घे, तेवढं पुरे. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, जी बाई महिनाभर अंथरुणातून उठली नाही, जिला दोन घास गिळवत नाहीत, तिला भरतीच करा. शेवटी मीच ठरवलं, भरती. ठकी माझी सहा वर्षांची लेक. ती स्टुलावर चढून मला पाणी आणून द्यायला लागली होती, ते बघवेना. बरं होऊन तिच्याकडे परत जायचं, बाकी मला काही नको.

इथे एक अभ्यास चाललाय. भरती होऊन जास्त बरं वाटतं, की घरून ये-जा करून? त्यासाठी भरती झालेल्या प्रत्येकीला घरून येणारी एक बाई जोडी म्हणून देतात, होईल तितकी सारखी. ती शोधायला फॉर्म. घर, नवरा, मूल, सवयी, मुलीला कोणतं गाणं म्हणून झोपवता, काय वाट्टेल ते विचारतात. मी पडले गणिताची बाई, अर्धवट उत्तर माझ्या हातून सुटायचं नाही. दोन पुरवण्या मागून घेतल्या! सिस्टरला हसू आवरेना. डॉक्टरीणबाईंनी रोज लिहायला ही वही दिली.

५ तारीख, बुधवार
सलग सहा तास झोपले. ताट पुसून जेवले. घरी कुणी सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

आज पेपर झाला. शंभर गुणांचा, आणि जितके गुण जास्त तितका माणूस खचलेला. वीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासले, आता भोगा म्हणावं! मला पन्नास. जोडीलाही बरोब्बर पन्नास. सिस्टर म्हणाली, इतकी जुळणारी जोडी आजवर मिळाली नव्हती. मला उगाचच कौतुक वाटलं स्वतःचं.

९ तारीख, रविवार
भेटीचा दिवस. केस विंचरून चार वाजेपर्यंत बसून राहिले. कोणी आलं नाही. ठकीला ताप असेल, अशी मनाची समजूत घातली. समजूत पटली नाही ती नाहीच.

गुण मला अठ्ठावन्न, जोडीला बेचाळीस. तिला बरं वाटतंय तर. वाटू दे बापडीला.

११ तारीख, मंगळवार
सकाळी खिडकीतून खालची बाहेरच्या रुग्णांची रांग बघत होते. रांगेत ठकीचे बाबा. शेजारी ठकी. ती एका बाईचं बोट धरून उभी होती. बाईच्या अंगात माझा तपकिरी स्वेटर, कोपरावर मीच केलेलं रफू.

मी काच बडवली. बाईनं वर पाहिलं. ती मीच होते. वेडी म्हणा मला, पण ती मीच होते! तिनं ठकीचं तोंड हळूच दुसरीकडे वळवलं.

सिस्टर म्हणाली, जोडी आहे तर सारखी दिसणारच, जिवाला लावून घेऊ नका. आणि गोळी दिली.

१३ तारीख, गुरुवार
हातापाया पडून वॉर्डातून घरी फोन लावला. ठकीनं उचलला. आई बोलतेय म्हटलं, तर खुदकन हसली. म्हणाली, आई तर माझी वेणी घालतेय. मागून कुणीतरी विचारलं, कुणाचा फोन गं? आवाज माझा होता.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आजारात असे भास होतात. मग माझा फॉर्म समोर ठेवला. घर, नवरा, मूल, सगळे रकाने कोरे. पुरवण्या नाहीतच. मी लिहिलं होतं हो! माझ्या हातानं लिहिलं होतं!

१७ तारीख, सोमवार
मला एकाहत्तर. तिला एकोणतीस. बेरीज रोज शंभर भरते— तिचं उतरतं ते माझ्यावर चढतं. सिस्टरला गणित दाखवलं. योगायोग म्हणाली.

झोपवायचं गाणं आठवत नाही. पहिली ओळसुद्धा नाही. फॉर्मवर जे जे लिहिलं ते एकेक करून जातंय. आमच्या घराचा जिना— डावीकडे, की—

२० तारीख, गुरुवार
एक गोष्ट फॉर्मवर नव्हती! सिस्टरची पाठ वळली तसा फोन लावला. ठकीच होती. विचारलं, शाळेच्या फाटकाशी आईनं आपली खूण केली का गं? ती बारीक आवाजात म्हणाली, आई विसरली.

देवा, किती रडले मी! माझी लेक अजून माझी आहे. विसरायच्या आत इथे लिहून ठेवते. ठकी माझा अंगठा तीनदा दाबते, मग मी तिच्या तळहातावर बोटानं गोल काढते. जगात आम्हा दोघींनाच ठाऊक. ठकी म्हणाली, आता आईला रोज विचारीन.

संध्याकाळी मला साठ, तिला चाळीस. आता बघच म्हणावं!

२४ तारीख, सोमवार
सिस्टर वही मागतेय. तीन आठवडे झाले की वह्या जोडीला वाचायला देतात म्हणे. फॉर्मच्या मागच्या बाजूला छापलंय— खाली माझी सही. पान उलटून बघा, पान उलटून बघा, वीस वर्षं पोरांवर ओरडले— आणि मीच—

आमची खूण शाईनं लिहिलीय. पुसलं जात नाही. सिस्टर म्हणते, लवकर द्या, त्या खोळंबल्यात, मुलीला शाळेतून आणायचंय त्यांना—

ती दारात आलीय. माझाच स्वेटर. खांद्यावरून वाचतेय— खोडतेय मी, भराभर खोड—

काय खोडत होते? कुणाचा तरी हात होता. इवलासा. तो हात धरला की मी— मी काय—